ओटी कोणाची?

पडद्यावरच्या बायकांची वाटणी करणाऱ्या पिक्चरवाल्या साहेबा, तुझ्यावर माझा आरोप आहे! एकीच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलंस, दुसरीच्या बोटांत सिगारेट खोचलीस — आणि अंधारात बसलेल्या आम्हाला सांगितलंस, हिला पुजा, हिच्यावर थुंका! आम्ही थुंकलो! मंडळी, कीर्तनाला उभा राहून खोटं बोलतो का मी? मग सांगा, सती कोण आणि सटवी कोण? थांबा, घाई नको. आधी ऐका!

एका डोंगरावर देवीचं देऊळ. तिथं शूटिंग आलं. दोन नट्या. एक कुमुद — दर पिक्चरात नवरा दारू पिऊन मारतो, ही त्याचे पाय चेपते. दुसरी यामिनी — दर पिक्चरात तोच नवरा पळवते आणि शेवटच्या रिळात मरते. मरावंच लागतं! नाहीतर तुम्ही तिकिटाचे पैसे परत मागाल!

हे झालं पडद्यावरचं. आणि खरं? कुमुदचं लग्नच झालेलं नाही! अन् यामिनीला देवमाणूस नवरा, भास्करराव. रोज दुपारी बायकोसाठी डबा घेऊन हजर. झाकण उघडायचे, आमटीवर फुंकर घालायचे, मग वाटी तिच्या हातात! हसू नका, मंडळी — तुमच्यातल्या किती जणांनी घातलीय फुंकर?

कुमुद ते बघायची. पोटात नुसता जाळ! आणि लोक कुमुदच्या पाया पडायचे, ते यामिनी बघायची. तिच्याही पोटात जाळ! एका खोलीत रंग लावायला बसायच्या आणि आरशातून एकमेकींना खायच्या!

यामिनीला मूलबाळ नव्हतं. सासू म्हणाली होती, "त्या देवीपुढं गावच्या सवाष्णींकडून ओटी भरून घे. कूस उजवेल." त्याच आशेनं बाई डोंगर चढली होती, मंडळी! शूटिंगचं निमित्त!

गावच्या बाया तांदूळ, नारळ, खण घेऊन आल्या. यामिनीनं पदर पसरला. तर पुढारीण तानूबाई गरजली —

"ए बये, सरक तिकडं! जत्रेच्या तंबूत पिक्चरात बघितलंय मी तुला! हिच्या कुंकवावर टपलेली तू!"

आणि वळली कुमुदकडं. "या माउली, पदर धरा."

आता कुमुदनं काय म्हणायचं? 'माझं लग्न नाही झालेलं, ओटी हिची भरा.' एवढंच! पण जाळ बोलू देईल तर ना! तिनं पदर धरला.

"आता मालकांचं नाव घ्या!" बाया म्हणाल्या.

कुमुदनं समोर बघितलं. पायरीवर भास्करराव उभे, हातात डबा. आणि देवीसमोर ती सती बोलली —

"देवीपुढच्या समईची तेवते वात,
भास्करराव आणतात मला गरम गरम भात!"

टाळ्या!

"अहो, ते माझे आहेत!" यामिनी ओरडली.

"बघा, बघा! पिक्चरात पण हेच म्हणाली होती मेली!"

भास्करराव पुढं झाले. "बायांनो, खरंच, मी हिचाच नवरा."

तानूबाईनं कपाळावर हात मारला. "पिक्चरातला नवरा पण अस्संच म्हणाला होता! पार भुलवलाय हो हिनं!"

संपलं! कुमुदच्या पदरात तांदूळ, नारळ, खण. यामिनीनं रिकामा पदर तसाच खांद्यावर घेतला आणि डोंगर उतरली. मागून भास्करराव. डबा न उघडलेला.

माता-भगिनींनो, माना खाली का घातल्या? तानूबाई तुमच्यातच बसलीय! शेजारची लिपस्टिक लावते म्हणून हळदीकुंकवाला तिचं दार कोण चुकवतं? आणि पुरुषहो, तुम्ही हसू नका! शिट्टी यामिनीला मारायची अन् सून कुमुदसारखी शोधायची — हे कोण करतं?

आणि साहेबा, तू! कुंकू तू वाटलंस, सिगारेट तू वाटलीस. मग बोल, त्या देवीच्या दारात कोणी कोणाचा नवरा पळवला? निरांजन पेटवलेलं आहे, टाळकरी उभे आहेत. उत्तर आल्याशिवाय मी आरती सुरू करणार नाही. बोल!