आधी कोरडं

संध्या : पाइप बाजूला ठेवा आधी. बोनेटला हात लावून बघा, चटका बसतोय. चालू कशाला ठेवली होती एवढा वेळ?

अतुल : तेल-बिल सुटावं म्हणून. गरम असलं की लवकर निघतं.

संध्या : आणि तापल्या इंजिनवर गार पाणी मारलं की तडकतं. गार होऊ द्या. मी सकाळी मोबाइलवर बघितलंय सगळं.

अतुल : सर्व्हिसिंगवाले मारतातच की धारेनं. काय नाय होत.

संध्या : मग त्यांच्याकडंच न्यायची. मी म्हणलं तर तुम्हीच नको म्हणलात.

अतुल : रविवारी लई गर्दी असती. आणि उद्या गॅरेजला द्यायचीय बंपरसाठी. त्याच्या आधी धुवून टाकू म्हणलं.

संध्या : गॅरेजला द्यायच्या आधी कोण गाडी धुतं? गाडी घेतल्यापासून तुम्ही कधी बोनेट उघडलं नाय. आज अंघोळीच्या आधी बादली घेऊन खाली आलात.

अतुल : वास येतोय. सांगितलं ना तुला, परवा बिडकीनवरनं येताना कुत्रं आडवं आलं.

संध्या : सांगितलंत. बंपर फुटला, दिवा फुटला, खालची जाळी फुटली. एवढं कुत्रं.

अतुल : मोठं होतं.

(बऱ्याच वेळानं. इंजिन गार झालं आहे.)

संध्या : आता काढा बॅटरीची वायर. काळी, मायनसची. ह्या पिशव्या घ्या. अल्टरनेटरवर एक, फ्यूजच्या डब्यावर एक. हवा ओढायचं तोंडही बांधा. पाणी आत गेलं तर उद्या गॅरेजपर्यंत ढकलत न्यावी लागंल.

अतुल : बांधल्या. दे पाणी.

संध्या : आधी कोरडं. ब्रश घेते मी.

अतुल : कशाला? पाण्यानं जातंय सगळं.

संध्या : जात नाय. चिखल होतो आणि सांदीत जाऊन बसतो. मी शेगडी कशी करते? आधी कोरडं झाडायचं, मग साबणाचा फडका, मग पिळलेला. धार मारायचीच नाय.

अतुल : मी झाडतो. तू वर जाऊन चहा टाक.

संध्या : टाकते की. वरच्या मोनिकाताई भेटल्या होत्या जिन्यात, ड्यूटीवरनं येताना. बाईचं तोंड उतरलं होतं. परवा रात्री त्यांच्या दवाखान्यात एक पोरगा आणला पैठण रोडवरनं, बिडकीनच्या अलीकडनं. सायकलवर होता, कुणीतरी उडवून गेलं. पहाटं गेला. खिशात काय नाय, मोबाइलचा चुरा. अनोळखी म्हणून ठेवलाय अजून.

अतुल : ऐकलं.

संध्या : कुणाकडनं?

अतुल : कंपनीत बोलत होते.

संध्या : हाताची मेंदी पण गेली नव्हती म्हणे. लग्न होऊन किती दिवस झाले असतील, तुम्हीच सांगा.

अतुल : तू चहा टाक ना.

संध्या : थांबा. रेडिएटरच्या खाली काहीतरी आहे. ब्रश लागला की वाजतंय.

अतुल : पत्रा असंल जाळीचा. राहू दे.

संध्या : पत्रा नाय, स्टील आहे. वाकलंय. निघतंय, निघतंय. झाकण आहे डब्याचं.

अतुल : रस्त्यावर काय काय पडलेलं असतं. उडून बसलं असंल.

संध्या : कडंला भाजी वाळलीय. मेथी.

अतुल : टाक ते कचऱ्यात.

संध्या : नाव घातलंय वरती. आपल्या लग्नातल्या भांड्यांवर आहे तसंच, ठिपक्याठिपक्याचं. 'चि. शिवराज व चि. सौ. कां. तनुजा यांना काकासाहेबांकडून सप्रेम भेट. चितेगाव.'

अतुल : इकडं दे.

संध्या : कुत्र्याचं नाव शिवराज होतं व्हय?

अतुल : हळू बोल. लोक आहेत वर. अंधार होता संध्या, सायकलला मागं साधा लाल दिवा नाय. मी थांबलो होतो. आईशप्पत थांबलो.

संध्या : उतरलात?

अतुल : मागनं ट्रक येत होता.

संध्या : उतरलात का, एवढंच विचारते.

अतुल : नाय.

संध्या : पहाटंपर्यंत जित्ता होता तो.

अतुल : मला काय माहीत? वाटलं, कुणीतरी नेईल उचलून. आता तो गेला. मी आत जाऊन परत येणाराय का तो? नोकरी जाईल. पोरगी पहिलीत आहे आपली. एवढं धुतलं की कुणाला कळायचं नाय.

संध्या : म्हणून पाइप.

अतुल : तुझ्या पाया पडतो.

संध्या : माझ्या नका पडू. मला भीती वाटतीय, अहो. तुमच्याशिवाय घर कसं चालवायचं, काही सुचत नाय मला. पण त्या तनुजाला अजून ठाऊकच नाय. तिला वाटत असंल, डबा घेऊन कामावर गेलाय, येईल.

अतुल : काय करणार आहेस तू?

संध्या : पिशव्या सोडा. वायर जोडा.

अतुल : आणि?

संध्या : आधी पोलीस चौकी. तुम्ही स्वतःहून सांगा, मी बाजूला उभी राहते. मग मी जाते चितेगावला. दुसऱ्या कुणाच्या तोंडून नको कळायला तिला.

अतुल : संध्या.

संध्या : पोरीला मोनिकाताईंकडं ठेवून येते. तोवर तोंड धुवा.

अतुल : ते झाकण तरी दे. निदान धुवून देतो.

संध्या : नाय. भाजी तिच्या हातची आहे.