तांबू जेवत नाही

हॅलो? …हॅलो, राहुरी! हो, बोलते आहे. कोण? …पारनेरहून? द्या, जोडा हो लवकर!

सुचित्रा? अगं, मी इंदूताई. …ऐकू येतंय, ओरडू नकोस. …हो, तुमच्या कुत्रीचं पिल्लू सुखरूप पोचलं काल. एस.टी.त यांच्या मांडीवर निजलं होतं म्हणे.

नाव? तांबू ठेवलंय. …आवडलं ना? पण सुचू, तो काही खात नाही गं. आल्यापासून घास नाही की थेंब नाही.

…दूधच दिलं. भाकरी कुस्करून, कोमट करून. वाटीपुढं शहाण्यासारखा बसतो, लाळ गळते, पण तोंड म्हणून लावत नाही.

…नाही, आजारी नाही. शेपूट हलवतो. माझं जुनं लुगडं अंथरलंय, त्यात नाक खुपसून निजतो. देवघराच्या उंबऱ्याशी येऊन बसतो, आत मात्र पाऊल नाही. इतकं गुणी लेकरू!

मी? मी… अगं, माझं काय एवढं… नाही जेवले. …रागावू नकोस. घरातलं मुकं जनावर उपाशी असताना आपण जेवायचं नाही, हा नेमच आहे माझा. …तांबूला कुठं कळतंय, खरं आहे. पण देवाला कळतं ना!

म्हणून तर हे चिडलेत. म्हणतात, दुपारच्या गाडीनं परत पोचवतो, तू अशीच राहिलीस तर चक्कर येऊन पडशील. पिशवीसुद्धा काढून ठेवली आहे. …मला नाही गं पाठवायचं त्याला. लळा लागलाय एका दिवसात.

…वाढते कशी म्हणजे? यांचं पान घेते, शेजारी त्याची वाटी ठेवते. …बोलत काहीच नाही. चातुर्मासात जेवणघरात मौन असतं ना माझं. आणि हे तर तोंडापुढं पेपर धरून जेवतात.

हसतेस काय? …अगं हसू आवर, मग सांग. …कोण, तुझे सासरे? आप्पासाहेब रोज म्हणतात? …पंगतीला? ‘पार्वतीपते हर हर महादेव’? …अस्सं! आणि त्याआधी पिल्लांनी तोंड लावलं की दटावतात? अगोबाई! म्हणजे काल सकाळपासून हा महादेवाची वाट बघतोय होय!

पण आमच्याकडं कोण म्हणणार गं एवढ्या मोठ्यानं? माझा आवाज तर… हॅलो? …हो हो, ऑपरेटरताई, वेळ वाढवा. जिवाचा प्रश्न आहे हो!

सुचू, आप्पासाहेब आहेत का घरात? …दे, दे त्यांना. थांब हं. अहो! ती वाटी आणा इकडं. आणि तांबूला उचला. …अहो, पिशवीत नाही, फोनजवळ!

…नमस्कार करते, आप्पासाहेब. तुम्हाला त्रास देते… हो, त्याच्या कानाला लावते. म्हणा.

…बाई गं! खोलीभर घुमला की! …सुचू, कान टवकारले. फोनच्या मागं जाऊन बघतोय, आप्पा कुठं लपलेत म्हणून! …प्यायला लागला! सुचू, प्यायला लागला गं! …नाही, रडत नाहीये मी. …अगं, मिश्या पांढऱ्या झाल्यात त्याच्या!

वाटी चाटून लख्ख केली. …हो, आणखी घालते. …घातलं. …बसलाय बघ पुन्हा तसाच, माझ्याकडं बघत. आप्पासाहेबांना म्हणावं, अजून एकदा… हॅलो? सुचू? …हॅलो?

गेली लाईन.

…असा बघू नकोस रे तांबू. पार्वतीपते हर हर महादेव. …ऊं? नाही पटलं? जरा हळू झालं का?

अहो, कान झाका तुमचे.

पार्वतीपतेऽऽ हर हर महादेऽऽव!

…हां. जेव, बाळा, जेव.

आणि अहो, ती पिशवी खुंटीला अडकवा. पानं घेते मी. दोघांची.