दूधआई

नको नको, सुई आत्ताच नको काढूस, पोरी — आधी चहा घे, ही खडीसाखर घे. काय म्हणालीस? निरोगी माणसाचं रक्त हवंय, महनाजच्या रक्ताशी ताडून बघायला? आणि शेजारीण म्हणून माझं नाव तिनंच दिलं? दिलंच असेल — अशरफखालाला साधी सर्दी होत नाही, असं सगळ्या मशहद शहरात सांगत फिरते. फिरायची... आता कुठली फिरतेय! तू बस गं, मी उभीच बरी.

पाय बघितलेस ना तिचे? लाकडासारखे ताठ. विषाणूवर धावून जायला रक्तात जे उठलं, ते आता तिच्याच नसांवर उलटलंय म्हणे. रक्ताला असं आपलंच माणूस ओळखू येईनासं कसं होतं गं? — हो, तेच शोधताय, कळलं. आणि विषाणू आला कुठून? आईच्या दुधातून, म्हणाले. आईचं रक्त तपासलं, तर स्वच्छ! दुसऱ्या कुणाचं दूध प्यायलीस का, हे कुणी विचारलं? नाही विचारलं. मग मी कशाला बोलू?

अगं, एकच अंगण आमचं. माझे तीन मुलगे, महनाजच्या आईबापांची ही एकुलती एक पोर — उद्या मोठी झाली की माझ्या मुलांपुढे सारखी डोक्यावरची चादर सावरत बसणार. म्हटलं, माझं दूध पाजते, त्यांची बहीण होईल, कटकट मिटली! आमच्या धर्मात एक दिवस-रात्र पाजलं तरी दुधाचं नातं लागतं. पण माझा जीव जडला ना — दोन वर्षं पाजलं. उजवीकडे ती, डावीकडे माझी फायझा.

तांदळाच्या डब्याकडे काय बघतेस? — मीच बघतेय होय? चिठ्ठी आहे त्यात. गेल्या वर्षी रक्त द्यायला गेले होते, पेढीनं कळवलं, तुमचं रक्त चालणार नाही. विषाणूचं नाव लिहिलंय, महनाजच्या कागदावर आहे तेच. कुणाला दाखवली नाही. फायझाचं नुकतंच लग्न झालं होतं, सासरचे काय म्हणाले असते? आणि महनाज मला आई म्हणते गं. मेली लाज!

कोण रडतंय? नात माझी, दहा दिवसांची. बाळंतपणाला आलीय ना फायझा, आत आहे. भूक लागली असेल, आता घेईल ती पद —

फायझा! थांब! पाजू नकोस तिला!