पिकतील ना?

काका : वास कसला घेतेस? रंग बघ, रंग! गालावर कशी लाली चढलीय.

मुलगी : लाली उन्हाची असते, काका. ज्या अंगाला ऊन, त्या अंगाला लाली.

काका : अगदी बापावर, आमच्या दादावर गेलीस. तोही एकेक जर्दाळू नाकाला लावायचा. गिऱ्हाइकं हसायची.

आई : आणि तुम्ही त्यांच्यादेखत म्हणालात, ‘नाकाने धंदा होत नाही.’

काका : वहिनी, जुनं उकरू नका.

आई : मी कुठे उकरतेय? ‘दोघे भाऊ फळवाले’ पाटीवरच्या ‘दोघे’ला तुम्ही रंग फासलात. ऊन पडलं की खालून आपोआप दिसतं म्हणे.

काका : रंगाचा दुसरा हात द्यायला सांगितलाय... म्हणजे, ते असू दे. परवा मोठ्या हॉटेलचा मुख्य आचारी दुकानात येतोय. माल पसंत पडला तर अख्खा हंगाम माझा. नाहीतर समोरचा फळवाला टपून बसलाच आहे. आणि पेटी आली ती ही अशी, दगडासारखी. तू शास्त्र शिकलीस. परवापर्यंत पिकतील ना?

मुलगी : बागेत काय सांगून ठेवलं होतंत?

काका : ‘लवकर तोडा, वाटेत डाग पडता कामा नये.’ दादाचा हट्ट असायचा, झाडावर थांबू द्या म्हणून. निम्मा माल वाटेतच चेपायचा. पिकतील ना, एवढं सांग.

मुलगी : पिकतील.

काका : नक्की?

मुलगी : कागदी पिशव्यांत भरा. प्रत्येक पिशवीत एक पिकलेलं केळं टाका आणि तोंड मुडपून ठेवा. केळ्यातून वायू सुटतो, त्याने फळं लवकर तयार होतात. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका. मऊ पडतील, हिरवट झाक जाईल, केशरी होतील.

काका : शाब्बास! बापापेक्षा शहाणी निघालीस.

मुलगी : एक खाऊन बघता?

काका : छे, छे! आंबट लागलं की दात शिवशिवतात. मी धंदा डोळ्यांनी करतो. चव बघायला तो आचारी आहे की.

मुलगी : आणखी काही विचारायचंय?

काका : नाही गं बाई. दादा कुठाय?

आई : मागे, झाडाला पाणी घालतायत. बोलावू?

काका : नको, नको. घाईत आहे. येतो.

(दार बंद होतं.)

आई : कशाला मदत केलीस त्यांना? ज्या माणसाने तुझ्या बापाला त्याच्याच दुकानाच्या पायरीवरून उतरवलं...

मुलगी : विचारलं तेवढंच सांगितलं.

आई : म्हणजे?

मुलगी : देठापाशी पाहिलंस ना? हिरवीगार होती. पिकतील ती. गोड होणार नाहीत.

आई : का? केळी नाही होत घरात ठेवून?

मुलगी : केळ्यात पिष्ट असतं, त्याची साखर होते. जर्दाळूची गोडी झाडावरच भरते. तोडलं की जेवढी आहे तेवढीच.

आई : मग परवा तो आचारी चावा घेईल तेव्हा?

मुलगी : दिसायला लाखात एक. तोंडात ओला कापूस, वर लिंबू पिळलेलं.

आई : बाबांना ठाऊक आहे हे?

मुलगी : त्यांनीच तर शिकवलं. ‘गाल फसवतो, देठ खरं बोलतो.’ कॉलेजात मला फक्त कारण कळलं.

आई : थांब, तुझे काका खिडकीतून दिसतायत. कोपऱ्यावरच आहेत. केळी घेतायत.

मुलगी : हाक मारू?

आई : ...पिवळीधमक घेतायत का, तेवढं बघ.

मुलगी : आई!

आई : खिडकी लाव. आणि बाबांना यातलं अक्षर कळू देऊ नकोस.

मुलगी : रागावतील?

आई : रागावतात कसले. अनवाणी धावत सुटतील, भावाला सांगायला.