जीपच्या जाळीवरचा फलक

आपल्या लोकांना नुसतं बोलायला हवं, काम अंगावर घ्यायला नको! महाराष्ट्र नवा होता, मीही कॉलेजातून नवाच बाहेर पडलो होतो आणि हे वाक्य रोज कुणाला तरी ऐकवत होतो. शेवटी साखरखेर्ड्याच्या शाळेच्या पायासाठी दगड आणायचं काम माझ्याच अंगावर आलं. दुपारपर्यंत दगड पोचले नाहीत तर गवंडी दुसऱ्या गावाला जाणार होता.

मामांच्या डिझेल जीपमागे भरलेली ट्रॉली जोडली. जीपच्या पुढच्या जाळीवर मी स्वतः रंगवलेला कापडी फलक ताणून बांधला.

चढावर तापमानाचा काटा लाल खुणेला टेकला. जीप चालवणारा माझा वर्गमित्र विठ्ठल म्हणाला, "इंजिन उकळून राह्यलं बे!"

"एवढं ओझं ओढतंय, तापणारच. चल पुढे!"

थोड्याच वेळात वाफेचा फवारा उडाला आणि जीप थांबली. विठ्ठल उतरून पुढे गेला.

"अबे, हवा जायची जागाच बांधून टाकली तू!"

मी फलकाच्या गाठी सोडू लागलो, पण घाईत एकही सुटेना. तेवढ्यात समोरून बैलगाडी आली. गाडीवानाने फलक मोठ्याने वाचला, "आता थांबणे नाही!"

मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मंग थांबले काऊन, भाऊ?"