कडेची मेंढरं

(घोटावडे, १९६४. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडात कुशाबा मिस्त्रीचं ड्रिल मशीन. त्याची बायको गोजरा आणि राजाबाई धनगरीण मशीनपाशी उभ्या आहेत. राजाबाईच्या हातात मेंढरांच्या कळपाचं चित्र काढलेली काच आहे; ती टांगण्यासाठी तिला भोकं पाडून हवी आहेत.)

राजाबाई : आन् ह्या नळीला दात कुटं हायेत?

कुशाबा : दात न्हाईतच, राजाक्का. साधी तांब्याची नळी हाय.

राजाबाई : मग काच खानार कशानं?

कुशाबा : ही पूड खाती. धार लावायच्या दगडाची. मशीन नळी फिरवतं, नळी पुडीला फिरवती. वरनं पानी घालत ऱ्हायाचं, म्हंजी काच तापत न्हाई.

राजाबाई : तांबं मऊ. ते न्हाई झिजत?

कुशाबा : झिजतं की. पर काचेत भोक पाडून मग झिजतं. पुण्याला कारखान्यात हुतो तवा एका आरसेवाल्याकडं बघितलंय मी.

गोजरा : बघितलंय. केलं न्हाई. सकाळधरनं किती फोडल्या, ते सांगा की आक्काला.

कुशाबा : तीन. सरावाच्या हुत्या, जुन्या कपाटाच्या.

गोजरा : आन् आता ही तिच्या मालकाच्या हातची. आक्का, माजं ऐक, नथू सुताराकडनं चौकट करून घे. भोकाचं नावच नको.

राजाबाई : नथूकडं जाऊन आले. त्यानं चौकट लावून दावली. चारी अंगाला बोट बोट लाकूड आलं आन् नऊ मेंढरं त्याच्याखाली गेली.

कुशाबा : नऊ?

राजाबाई : मोजली मी. मालकांनी पार कडंपातूर काढल्यात. जागा संपली, मेंढरं संपंनात. त्यातली नऊ मी झाकून टाकू व्हय?

कुशाबा : कवा काढलं ह्ये त्यांनी?

राजाबाई : तुमच्याच गोठ्यात, तू पुण्याला हुतास तवा. पाय मोडला आन् दोन म्हैने हितंच पडून ऱ्हायले. दीर कळप घिऊन फुडं गेला. मेंढरू दिसंना, तर मानसाला चैन पडंना. तुज्या बानं बैलांच्या शिंगाचा उरल्याला रंग दिला आन् ही काच दिली. काडीनं काढलंय समदं.

गोजरा : मला वाटायचं, म्हातारा येळ घालवतुया.

राजाबाई : येळच घालवत हुते. पर एकबी जितराब सोडलं न्हाई. कुत्रं हाय, बारकी कोकरं हायेत.

कुशाबा : आक्का, एक सांग. रंग मागल्या अंगाला हाय आन् चित्र फुडनं दिसतं. ह्ये उलटं कसं जमलं त्यांना?

राजाबाई : आधी डोळा. मग त्याच्यावर तोंड. लोकर शेवटाला. मी म्हनलं, अवो, काढल्याल्या डोळ्यावर रंग काय फासताय? तर म्हनले, पलीकडं जाऊन बघ.

कुशाबा : म्हंजी शेवटाला काढायचं ते आधी. माजं तर डोस्कं फिरंल असलं करताना.

राजाबाई : आता मालक न्हाईत. काच पालात दोरीनं टांगली की जिकडं कळप तिकडं फिरंल. दुसरी कोन काढून देनार? फुटली तर गेलीच.

कुशाबा : म्हनून तर मला भ्या वाटतंय.

राजाबाई : मलाबी वाटतंय. ह्या तीन कशा फुटल्या, ते दाव बरं. आनिक एक फुटली तरी चालंल.

गोजरा : घ्या, हा तुकडा ऱ्हायलाय.

कुशाबा : मशीन चालू केलं. पानी घाल, गोजरा. आता दांडा खाली...

राजाबाई : थांब. दाबतुयास का तू?

कुशाबा : दाबल्याबिगर भोक कसं पडंल? लोखंडाला तर दांड्यावर लोंबकळावं लागतं.

राजाबाई : आरं पर ह्ये लोखंड न्हाई. ह्ये दळन हाय. गोजरा, तू जातं दाबून दळतीस का?

गोजरा : दाबून कसं दळायचं? घास टाकायचा आन् फिरवायचं.

राजाबाई : तर मग. ह्यो नळीवर बसून ऱ्हायलाय. खाली पूड जानार कुटनं? वर उचल, घास जाऊ दे, मग नुसती टेकव.

कुशाबा : आशी?

राजाबाई : आशी. ऐक, कसा बारीक आवाज येतोय. खरखर वाढली की समज, घास संपला. आता परत उचल.

गोजरा : पानी समदं वाहून जातंय, पूडबी जाती. थांबा, भाकरीचं पीठ भिजवल्यालं हाय, त्याचं आळं करते भोकाभवती.

कुशाबा : कारखान्यात असलं कुनी सांगितलं न्हाई.

गोजरा : कारखान्यात दळतंय कोन?

कुशाबा : झालं. आरपार. आक्का, कड बघ, बोट फिरव. एक टवका न्हाई.

राजाबाई : आता मालकांची घे.

कुशाबा : खाली काय घालू? फळीवर कडक बसंल.

राजाबाई : माजं घोंगडं घाल.

कुशाबा : वर डाव्या कोपऱ्यात नुसतं गवत हाय, तितं पाडतो. गोजरा, आळं कर. तुमी दोगी बोलू नका आता, मला आवाज ऐकू दे.

राजाबाई : उचल.

कुशाबा : ऐकलं मी. उचलली... आनिक एकदा... झालं, राजाक्का. एक झालं.

गोजरा : थांबा, आळ्याचं पीठ काढून काच पुसून घेते.

राजाबाई : एका भोकावर तिरकी लोंबंल. दुसरं पाड.

कुशाबा : मधी वरपातूर मेंढरं हायेत, तितं न्हाई जमायचं. उजव्या कोपऱ्यात... आक्का, हितं तर मानूस हाय.

राजाबाई : मालक हायेत. सवताला शेवटाला काढलं.

कुशाबा : मग कसं करायचं? खाली घिऊ?

राजाबाई : खाली कोकरं हायेत.

गोजरा : आक्का, ह्येंच्यावर भोक? नको गं. एखादं कोकरू गेलं तर जाऊ दे.

राजाबाई : कोकरू दिल्यालं त्यांना चालायचं न्हाई.

कुशाबा : तूच जागा दाव, आक्का. मी न्हाई ठरवायचो.

राजाबाई : हितं. खांद्यातनं पाड. दोरी तिथनं जाऊ दे. इतकी वर्सं कळप त्यांनीच पेलला, आताबी पेलतील.

कुशाबा : टेकवतो. गोजरा, पानी.

राजाबाई : हळू घाल, गोजरा. त्यांच्या अंगावर पडतंय.