केतकीनं आरती थांबवली

मंडळी, एक सांगा — आजार झाकावा की उघड करावा? हळू बोला, हळू! शेजारचा ऐकतोय ना! बघा, नुसतं विचारलं तर पुढच्या ओळीतल्या तिघांनी माना खाली घातल्या. मोजल्यात मी! असू द्या. गोष्ट ऐका.

करंजवडी नावाचं गाव. तिथली केतकी, वय तेवीस. अकराव्या वर्षापासून तिला मधुमेह. हो, लहान पोरांनाही होतो! रोज चार वेळा पोटात सुई टोचून घ्यायची. हे ठाऊक कुणाला? आईबापाला आणि तालुक्याच्या डॉक्टरला. गावाला सांगितलेलं काय? — पोरीला पित्त आहे! अहो, आपल्याकडं पित्त फार सोयीचं. त्याच्या पदराखाली काहीही झाकतं!

त्यातून केतकीचं लग्न ठरत आलेलं. गावातल्याच हौसाबाईंचा मुलगा दिगंबर. पसंती झालेली, दसऱ्याला सुपारी फुटायची. आई विमलबाई रोज बजावायची, "केतके, अक्षता पडेपर्यंत तोंडातून ब्र काढलास तर बघ!"

नवरात्र बसलं. हौसाबाईंचा नवस कसला? नऊ दिवस नुसत्या लवंगांवर! सकाळी पाच, संध्याकाळी पाच, वर पाणी. सहाव्या माळेला देवळात सकाळची आरती चाललेली, संबळ कडाडतोय — आणि हौसाबाई थरथरायला लागल्या! घामानं चोळी भिजली. डोळे फिरले. तोंडातून शब्द वेडेवाकडे.

"आली! आई अंगात आली! आई राजा उदो उदो!"

झालं! संबळ दुप्पट. बायकांनी मळवट भरला. रांग लागली हो, रांग! "आई, आमच्या बोअरला पाणी लागंल का?" "आई, जावयाची बदली?" एकीनं तर म्हैस कधी विणार तेही विचारलं! सात जणींचे सात प्रश्न. "बाई, तुला काय होतंय?" — हा आठवा कुणी विचारला? कुणीच नाही!

केतकी हातभर अंतरावर. तिनं हौसाबाईंच्या हाताला हात लावला — गार! हा घाम तिच्या ओळखीचा. ही थरथर तिच्या घरची.

ती आईच्या कानाशी लागली, "ही देवी नाही गं. साखर उतरलीय. मला व्हायचं तसंच—"

विमलबाईंनी तिचं मनगट आवळलं. "गप! तुला कसं कळलं म्हणून विचारतील. काय सांगशील?"

काय सांगेल? मंडळी, तुम्ही काय सांगितलं असतं? बोललं तर लग्न जातंय. गप्प बसलं तर बाई जातेय. आणि विचार करायला वेळ किती? हौसाबाईंची मान कलंडायला लागली होती!

केतकीनं हात हिसडला. देवीपुढची साखरेची वाटी उचलली, पाण्याच्या तांब्यात उपडी केली आणि ओरडली, "संबळ थांबवा! मावशींची साखर उतरलीय!"

हौसाबाईंचे यजमान, बाबासाहेब, आडवे आले. "नवस मोडतेस? आमच्या घरात कुणाला शुगर नाही! तू काय डॉक्टर आहेस?"

"डॉक्टर नाही. आजारी आहे!"

विमलबाईंनी पदर तोंडाला लावला.

"अकरा वर्षांची होते तेव्हापासून मधुमेह आहे मला. रोज चार सुया घेते. दोनदा अशीच पडलेय. एकदा शाळेत, एकदा पिठाच्या गिरणीत. लोकांना वाटलं, पोरगी नाटकं करतेय. मला सगळं ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं. मावशींनाही आत्ता ऐकू येत असेल. बाजूला व्हा, मामा!"

बाबासाहेब हलले नाहीत. पण दिगंबर पुढं आला — आईची मान सावरून धरली. "पाज," म्हणाला.

"मावशी, गिळा. थोडंच." पहिला घोट ओघळून हनुवटीवर आला. दुसरा... गेला! तिसरा गेला. संबळवाल्याच्या हातातल्या काड्या तशाच अधांतरी. पाच मिनिटं. दहा. मग हौसाबाईंनी डोळे उघडले.

"पोरी," अगदी बारीक आवाज, "सगळ्यांपुढं सांगितलंस?"

"हो."

बाई उठून बसल्या. कनवटीतून चुरगळलेली गोळ्यांची पट्टी काढली आणि सगळ्यांपुढं ठेवली. "मलाबी हाय. तीन वर्षं झाली. अन्न सोडलं, पण गोळी नाही चुकवली. डॉक्टर रागावला असता!"

ऐकलंत? नवस पाळला, औषधही पाळलं; उपाशीपोटी गोळीनं साखर पार तळाला नेली — आणि दोन्हींच्या मध्ये जीव चालला होता!

बाबासाहेब घुश्शातच. "चला आधी दवाखान्यात! आणि सुपारीचं विसरा. घरात एक आजारी माणूस पुरे!"

हौसाबाई म्हणाल्या, "ही पोरगी नसती, तर तेबी उरलं नसतं!"

लग्न झालं का? — हेच विचारणार ना! झालं, माघात झालं. पण टाळ्या नकोत. लग्न मोडलं असतं, तरी केतकीचं बोलणं वाया गेलं नसतं. बाई जगली, तिथंच ते फिटलं होतं.

आता पंगत बसेल. गावभर दवंडी पिटा असं मी म्हणत नाही. तुमच्या ताटाशेजारी जो बसेल, त्या एकाला सांगा — 'बाबा रे, मला अमुक आहे. पडलो तर असं कर.' एका माणसाला! जमेल?

अहो, माना काय डोलावताय? तोंड उघडा!